संगणकाच्या 'पिढ्या' मोजताना मेमरी कुठे राहिली?

प्रश्न : आडवाटेचा वाचक

नमस्कार.

संगणकाचा इतिहास सांगणारी बहुतेक पुस्तके तो पिढ्यांमध्ये वाटून देतात. पहिली पिढी निर्वात नलिकांची, दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी इंटिग्रेटेड सर्किटची, चौथी मायक्रोप्रोसेसरची. पाचवीपाशी पोहोचल्यावर मात्र प्रत्येक पुस्तक आपापल्या वाटेने जाते. पाठांतराला ही वर्गवारी सोयीची आहे आणि परीक्षेत ती हमखास विचारली जाते, याविषयी माझी तक्रार नाही. परंतु या विषयावर थोडे सलग वाचन झाल्यापासून तिच्यात काहीतरी मोठे सुटले आहे, असे सारखे वाटू लागले आहे.

माझी अडचण एका तुलनेतून सुरू झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी बांधलेले एनिॲक हे यंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आले. सुमारे १८,००० नलिका, ३० टनांच्या आसपास वजन आणि सेकंदाला ५,००० बेरजा असा त्याचा आवाका होता. त्यानंतर जेमतेम सव्वादोन वर्षांनी, २१ जून १९४८ रोजी, इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात 'बेबी' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एका छोट्या यंत्रावर एक प्रोग्राम चालला. हे यंत्र सेकंदाला हजारभरच आज्ञा पार पाडत असे आणि त्याच्या सर्किटला बेरीज येतच नव्हती. वजाबाकी करणे आणि चिन्ह उलटवणे एवढ्यावरच सारे भागवावे लागे. दोन्ही यंत्रे नलिकांचीच, म्हणजे कोष्टकानुसार एकाच पिढीतली. तरीही खरा सांधा बदलला तो या मंद यंत्रापाशी, असे अनेक इतिहासकार लिहितात. वेगात इतक्या मागे असलेल्या यंत्राला एवढा मान कशासाठी?

दुसरा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. 'पहिला संगणक' हा मान कुणी झेड-३ ला देतात, कुणी कलोससला, कुणी ॲटॅनासॉफ यांच्या यंत्राला, तर कुणी एनिॲकला. या बाबतीत अमेरिकेतील एका न्यायालयाने निकाल दिला होता, असेही वाचनात आले. इतिहासाचा निवाडा न्यायालयात कसा काय होऊ शकतो?

जाणकारांनी सवडीने, पण सविस्तर लिहावे ही विनंती.

प्रतिसाद : तारायंत्र

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो लवकर आटोपण्याजोगा आहे. 'पहिला संगणक' ठरवताना कोणत्या अटी घालायच्या हे ठरले की विजेता आपोआप ठरतो, आणि अटींवरच एकमत नसल्यामुळे हा वाद कधी मिटत नाही.

बर्लिनमध्ये कोनराड त्सूझ यांनी १२ मे १९४१ रोजी चालवून दाखवलेले झेड-३ हे यंत्र प्रोग्रामप्रमाणे आपोआप चालत होते आणि द्विमान पद्धतीने गणित करत होते. परंतु ते रिलेंवर, म्हणजे विजेच्या प्रवाहाने उघड-बंद होणाऱ्या यांत्रिक स्विचांवर, चालणारे विद्युत-यांत्रिक यंत्र होते, इलेक्ट्रॉनिक नव्हते, आणि १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात ते नष्टही झाले. आयोवा येथे जॉन ॲटॅनासॉफ आणि त्यांचे विद्यार्थी क्लिफर्ड बेरी यांनी १९३९ ते १९४२ या काळात उभारलेले यंत्र इलेक्ट्रॉनिक होते, परंतु एकसामयिक समीकरणे सोडवणे या एकाच कामासाठी ते बांधलेले होते. ब्लेचली पार्क या ब्रिटिश कूटभेद केंद्रात १९४४ च्या आरंभी कामाला लागलेले, टॉमी फ्लॉवर्स यांनी घडवलेले कलोसस हे इलेक्ट्रॉनिकही होते आणि कमालीचे वेगवानही; कागदी फितीवरची ५,००० अक्षरे ते सेकंदाला वाचत असे. परंतु लोरेन्झ यंत्राने कूटबद्ध केलेले जर्मन संदेश फोडणे हेच त्याचे प्रयोजन होते, आणि १९७० च्या दशकापर्यंत त्याचे अस्तित्व गुप्त ठेवले गेल्यामुळे तोवरच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेखच येऊ शकला नाही. सर्वसाधारण कामांसाठी जुळवता येणारे आणि संपूर्ण इलेक्ट्रॉनिक, अशा दोन्ही अटी घातल्या तर एनिॲकचे पारडे जड होते.

न्यायालयापुढे आलेला वाद इतिहासाचा नव्हता, पेटंटचा होता. एनिॲकचे पेटंट स्पेरी रँड या कंपनीकडे होते आणि त्यापोटी तिला इतर उत्पादकांकडून स्वामित्वशुल्क हवे होते. हनीवेल कंपनीने त्याला आव्हान दिले. १९ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी ते पेटंट रद्द ठरवले. त्यामागील अनेक कारणांपैकी एक असे, की मॉकली यांनी १९४१ मध्ये आयोवाला जाऊन ॲटॅनासॉफ यांचे यंत्र पाहिले होते आणि त्यातील कल्पना एनिॲकमध्ये उतरल्या होत्या. पेटंट टिकते की नाही एवढेच न्यायालयाने ठरवले. त्याचा परिणाम मात्र दूरवर गेला: इलेक्ट्रॉनिक संगणक ही मूळ कल्पना कुणा एका कंपनीची मालमत्ता राहिली नाही.

आता बेबीविषयी. एनिॲकवर नवे गणित चढवायचे म्हणजे काय करावे लागे, हे पाहिले तर आपला गोंधळ बराचसा दूर होईल. केथलीन मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन या सहा जणी आधी कागदावर संपूर्ण मांडणी करत, आणि मग यंत्राच्या फळ्यांवर शेकडो तारा एका खाचेतून काढून दुसरीत खोवत, हजारो स्विच एकेक करून फिरवत. गणित सुटायला काही सेकंद पुरत, पण ते मांडायला दिवसच्या दिवस जात. युद्धकाळात यंत्र आखले गेले ते तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टके करण्यासाठी, म्हणजे एकच गणित आकडे बदलून पुन्हा पुन्हा चालवण्यासाठी, आणि तेवढ्यापुरते हे खपण्याजोगे होते. कामे बदलू लागताच ते जाचू लागले. १९४८ मध्ये एनिॲकमध्येच असा बदल करण्यात आला, की आज्ञा स्विचच्या फलकांवर आकड्यांच्या रूपात मांडता याव्यात आणि तारांची खोवाखोव टळावी. या बदलामुळे यंत्राचा वेग सुमारे सहापटीने घटला, आणि तरीही वापरणाऱ्यांनी तो आनंदाने पत्करला.

प्रतिसाद : जुनी वही

तारायंत्र यांनी नेमके लिहिले आहे. मी त्यामागचे कारण थोडे खोलात जाऊन सांगतो, कारण माझ्या मते 'पिढ्यांच्या' कोष्टकात जे सुटले आहे ते येथेच आहे. कोष्टकातली चारही नावे स्विचची आहेत: नलिका हा स्विच, ट्रान्झिस्टर हाही स्विच, आणि पुढच्या दोन पिढ्या म्हणजे तेच ट्रान्झिस्टर एका चकतीवर दाटीवाटीने बसवण्याची प्रगती. परंतु १९४५ च्या सुमारास संगणक बांधणाऱ्यांना झोप लागू न देणारा प्रश्न स्विचचा नव्हताच. आकडे आणि आज्ञा ठेवायच्या कुठे, हा होता.

झेड-३ किंवा हार्वर्ड मार्क-१ यांसारख्या रिले-यंत्रांना हा प्रश्न एवढा छळत नव्हता. रिले मंद असतात. छिद्रे पाडलेल्या फितीवरून एकेक आज्ञा वाचली तरी ती वेळेत पोहोचत असे. नलिका आल्या आणि गणित एकाएकी हजारपटीने वेगवान झाले. आता एवढ्या वेगाने आज्ञा पुरवू शकेल अशी फीत नव्हती. उपाय दोनच उरले: एक तर आज्ञा तारांच्या जोडणीतच बसवायच्या, जे एनिॲकने केले, किंवा गणिताइतकीच वेगवान मेमरी तयार करून आज्ञाही आकड्यांबरोबर तिच्यातच ठेवायच्या. हा दुसरा मार्ग जून १९४५ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या नावाने फिरलेल्या, एडव्हॅक या एनिॲकनंतरच्या नियोजित यंत्राच्या मसुद्यात सविस्तर मांडलेला आहे. (अवांतर: त्या मसुद्यावर त्यांचे एकट्याचेच नाव पडले, आणि आपल्या श्रेयावर पाणी पडले याचे शल्य एकर्ट आणि मॉकली यांना जन्मभर राहिले. माझ्या मते त्यांचा राग रास्त होता.)

कागदावर हे सोपे होते. प्रत्यक्षात अशी मेमरी अस्तित्वातच नव्हती. एनिॲकमध्ये एक दशमान अंक धरून ठेवायला ३६ नलिका लागत. त्यात २० संचायक (संख्या धरून ठेवून तिच्यात बेरीज करणारे भाग) होते आणि प्रत्येकात १० अंक मावत, म्हणजे अवघे २०० अंक ठेवण्यासाठी ७,००० हून अधिक नलिका खर्ची पडल्या. याच पद्धतीने हजार संख्यांची मेमरी करायची म्हटले असते, तर यंत्र उभे राहण्याआधीच सगळे गणित कोलमडले असते.

यावर एकर्ट यांनी रडारच्या कामातून एक तोडगा आणला, तो पाऱ्याच्या नळ्यांचा. सुमारे दीड मीटर लांबीची, पाऱ्याने भरलेली नळी घ्यायची आणि तिच्या दोन्ही टोकांना क्वार्ट्झचे स्फटिक बसवायचे. एका टोकाच्या स्फटिकाला विद्युत स्पंद दिला की तो थरथरतो आणि पाऱ्यातून ध्वनिलहर निघते; पाऱ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १,४५० मीटर असल्यामुळे ती दुसऱ्या टोकाला पोहोचायला सुमारे एक हजारांश सेकंद घेते. तेवढ्या अवधीत शेकडो स्पंद एकामागोमाग नळीत सोडता येतात. पलीकडे पोहोचलेला स्पंद पुन्हा ठाकठीक करून पहिल्या टोकाशी आणून सोडायचा. विसरू नये म्हणून एखादा आकडा मनाशी पुटपुटत राहावे, तसे ते यंत्र आपली मेमरी अखंड घोकत असे. केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या एडसॅकने ६ मे १९४९ रोजी याच मेमरीच्या बळावर पहिला प्रोग्राम चालवला. तिच्यात खोड एवढीच, की हवा तो आकडा नळीच्या टोकाशी येईपर्यंत थांबावे लागे. शिवाय तापमान बदलले की पाऱ्यातला ध्वनीचा वेगही बदलत असल्यामुळे नळ्यांचे तापमान सांभाळत बसावे लागे.

मँचेस्टरचा मार्ग याहून निराळा होता. फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी दूरचित्रवाणीच्या पडद्यासारखी साधी कॅथोड-किरण नलिका घेतली. तिच्या काचेवर इलेक्ट्रॉनांचा झोत आदळला की तेवढ्या ठिपक्यापुरता विद्युतभार साचतो. झोत कसा हलवला यावर शून्य की एक हे ठरते. काचेबाहेर लावलेल्या धातूच्या जाळीला तो भार जाणवतो. भार मात्र सेकंदाच्या अंशातच ओसरू लागतो, म्हणून तो पुसण्याआधी वाचून पुन्हा लिहावा लागतो, आणि हे सतत चालू ठेवावे लागते. जाळीमुळे मूळ नलिकेचा पडदा झाकला जाई. म्हणून तेच चित्र दाखवणारी दुसरी नलिका शेजारी ठेवलेली असे, आणि तिच्यावर ३२ ओळींमधले ३२-३२ ठिपके, म्हणजे यंत्राची सगळीच्या सगळी १,०२४ बिटांची (शून्य किंवा एक ठेवणाऱ्या घरांची) मेमरी, डोळ्यांनी पाहता येत असे.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर येथे आहे. बेबी हे यंत्र गणिते सोडवण्यासाठी बांधलेलेच नव्हते. ही नलिका संगणकाच्या वेगाने मेमरी म्हणून टिकाव धरते की नाही, याची परीक्षा घ्यायची होती, आणि त्या परीक्षेपुरता तिच्याभोवती कमीत कमी संगणक उभा केला होता. म्हणून तर त्याला बेरीज दिलेली नव्हती. २१ जूनच्या त्या प्रोग्राममध्ये १७ आज्ञा होत्या. २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४, या संख्येचा तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधायचा होता. उत्तर १,३१,०७२ हे कुणीही तोंडी सांगेल. परंतु यंत्राला मुद्दाम एकेक संख्या वजाबाकीने तपासत खाली यायला लावले होते, जेणेकरून मेमरीची दीर्घकाळ कसोटी लागावी. ५२ मिनिटे आणि सुमारे ३५ लाख आज्ञा झाल्यावर पडद्यावर बरोबर उत्तर उमटले, आणि इलेक्ट्रॉनिक मेमरीत ठेवलेला प्रोग्राम तिथूनच चालवता येतो, हे जगात पहिल्यांदा सिद्ध झाले.

यानंतरची वीस वर्षे चुंबकीय कड्यांची. एमआयटीमध्ये व्हर्लविंड या यंत्रासाठी अभियंते जे फॉरेस्टर यांना बेभरवशाच्या नलिका नको होत्या, कारण ते यंत्र क्षणोक्षणीच्या माहितीवर चालायचे होते. १९५३ मध्ये त्यांनी फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या इवल्याशा कड्यांची जाळी त्यात बसवली. प्रत्येक कड्यातून आडवी आणि उभी अशा तारा गेलेल्या असतात; एका तारेतून कडे उलटवायला लागणाऱ्या प्रवाहाच्या निम्माच प्रवाह सोडतात, त्यामुळे जिथे दोन्ही तारा एकत्र येतात तेवढेच एक कडे उलटते. हजारो कडी आणि तरीही नेमके हवे ते गाठता येते, वाट पाहावी लागत नाही. ही जाळी विणण्याचे काम बराच काळ हातांनी, भिंगाखाली, प्रामुख्याने स्त्रियांनी केले. इतिहासात त्यांची नावे नाहीत.

ज्यांना कडी परवडत नव्हती त्यांच्यासाठी चुंबकीय ढोल, म्हणजे पृष्ठभागावर माहिती ठेवणारा फिरता दंडगोल, होता. आयबीएम ६५० मध्ये मिनिटाला १२,५०० फेरे घेणारा ढोल होता आणि त्यावर २,००० संख्या मावत. एक आज्ञा पार पडेपर्यंत ढोल पुढे सरकलेला असे. पुढची आज्ञा लगतच्याच घरात ठेवली तर ती निसटलेली असे आणि जवळजवळ पूर्ण फेरा वाया जाई. म्हणून प्रत्येक आज्ञेतच पुढच्या आज्ञेचा पत्ता लिहिण्याची सोय होती, आणि कोणत्या आज्ञेला किती वेळ लागतो याचा हिशेब करून प्रोग्रामर पुढची आज्ञा अशा घरात ठेवत, की ती बरोबर वेळेवर वाचकशीर्षाखाली यावी. प्रोग्राम लिहिताना यंत्राचा ढोल डोळ्यांसमोर फिरत ठेवावा लागे, असे म्हटले तरी चालेल.

प्रतिसाद : शून्य-एक

जुनी वही यांचा प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु तराजू आता दुसऱ्या बाजूला फारच कलला आहे असे वाटते, म्हणून थोडा विरोध नोंदवतो.

पहिली गोष्ट, मेमरीत प्रोग्राम ठेवण्याच्या कल्पनेची तात्त्विक बैठक पारा किंवा कॅथोड नलिका येण्याच्या कितीतरी आधी तयार होती. ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या निबंधातले सार्वत्रिक यंत्र दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे वर्णन फितीवरून वाचते आणि त्याप्रमाणे वागते. आज्ञा आणि आकडे एकाच फितीवर. त्याच सुमारास, १९३७ मध्ये, क्लॉड शॅनन यांनी एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की स्विचच्या जोडण्यांना बूल यांचे तर्कशास्त्रीय बीजगणित जसेच्या तसे लागू पडते. तोवर सर्किटे अनुभवाने आणि अंदाजाने जुळवली जात. त्यानंतर ती समीकरणांप्रमाणे मांडता आणि सोपी करता येऊ लागली. तेव्हा स्विचला अगदीच दुय्यम ठरवू नये.

दुसरे, भरवसा. एनिॲकला १५० किलोवॉट वीज लागे आणि साधारण दर दोन दिवसांनी एखादी नलिका जाई. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी केलेला पहिला ट्रान्झिस्टर नलिकेच्या तुलनेत ओबडधोबड होता, परंतु त्याला तापवावे लागत नव्हते, आणि पुढे तो वर्षानुवर्षे टिकू लागला. कड्यांच्या जाळीत प्रवाह सोडणारी आणि तिच्यातून येणारा क्षीण संकेत ओळखणारी सर्किटे ट्रान्झिस्टरची झाली नसती, तर ती मेमरी इतकी स्वस्त आणि मोठी होऊच शकली नसती. मग जोडण्यांचा प्रश्न आला: हजारो सुटे भाग हाताने डाखायचे म्हणजे हजारो चुका. १२ सप्टेंबर १९५८ रोजी जॅक किल्बी यांनी एकाच अर्धवाहक तुकड्यावरचे सर्किट दाखवले, परंतु त्यातही जोडतारा बाहेरूनच लावलेल्या होत्या. पुढच्या वर्षी रॉबर्ट नॉइस यांनी फेअरचाइल्डमध्ये जाँ होर्नी यांच्या सपाट पृष्ठभागाच्या पद्धतीवर धातूच्या पट्ट्यांनी त्या तुकड्यावरच जोडण्या केल्या. मोठ्या प्रमाणावर चिप छापता येऊ लागल्या त्या या दुसऱ्या युक्तीमुळे, आणि म्हणून दोघांत मी नॉइस यांना झुकते माप देईन.

तिसरी गोष्ट स्विच आणि मेमरी यांपैकी कुठल्याच रकान्यात बसत नाही. जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएममध्ये १९५७ साली फोरट्रान ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा पूर्ण केली, कारण तोवर प्रोग्रामरांचा खर्च यंत्राच्या खर्चाला टेकला होता. आणि ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणक-मालिकेत छोट्या यंत्रावरचा प्रोग्राम मोठ्या यंत्रावरही चालावा अशी हमी होती. तोपर्यंत यंत्र बदलले की सगळे पुन्हा लिहायचे, हाच शिरस्ता होता. कुठल्याही पिढीच्या नावात हे दिसत नाही.

आडवाटेचा वाचक

दोन्ही बाजू इतक्या तपशिलात मांडल्याबद्दल आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. बेबी हे मुळात मेमरीच्या परीक्षेसाठी बांधलेले होते, हे मला पूर्णपणे नवीन होते आणि त्यामुळे त्या तुलनेतला तिढा सुटला.

आता तीन उपप्रश्न. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या विश्लेषक यंत्राच्या १८३७ च्या आराखड्यात साठवणीचा आणि गणिताचा विभाग वेगळा ठेवला होता, असे वाचले आहे. मग तिथेही हीच अडचण होती का? मायक्रोप्रोसेसरची गोष्टही मेमरीच्या बाजूने सांगता येईल का, की तिथे शून्य-एक यांचेच म्हणणे खरे? आणि वीज गेल्यावर चुंबकीय कड्यांतली माहिती राहत असे का?

प्रतिसाद : जुनी वही

शून्य-एक यांच्या विरोधाचे स्वागत आहे. सर्किटांबद्दल त्यांचे म्हणणे मान्य. सिस्टिम/३६० चा मुद्दा तर मी स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचा समजतो.

बॅबेज यांच्या विश्लेषक यंत्रात हजार संख्यांची साठवण योजलेली होती आणि प्रत्येक संख्येसाठी दातेरी चाकांची एक उभी चळत लागणार होती. गणिताच्या भागापेक्षा हा पसाराच अवाढव्य होता. यंत्र पूर्ण झाले नाही याला पैसा, स्वभाव आणि सरकारशी झालेले बेबनाव अशी अनेक कारणे आहेत, त्यामुळे सगळा दोष साठवणीवर ढकलता येणार नाही. परंतु एक अंक ठेवायला एक चाक हा हिशेब आणि एनिॲकचा एका अंकाला ३६ नलिका हा हिशेब एकाच जातीचे आहेत.

मायक्रोप्रोसेसरची गोष्ट मात्र मेमरीच्या बाजूने सांगावी तितकी थोडी. १९६८ मध्ये रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी इंटेल स्थापन केली ती अर्धवाहक मेमरी विकण्यासाठी. त्याच वर्षी आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना एका ट्रान्झिस्टरच्या आणि एका धारित्राच्या (विद्युतभार साठवणाऱ्या कपॅसिटरच्या) आधारे एक बिट ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. इंटेलची ११०३ ही चिप ऑक्टोबर १९७० मध्ये बाजारात आली. तिच्यात एक बिट ठेवणारी पेशी तीन ट्रान्झिस्टरची होती, परंतु भार साठवायचा आणि ओसरण्याआधी पुन्हा भरायचा हे तत्त्व तेच होते. तिच्यात मावत होते १,०२४ बिट. बेबीच्या पडद्यावर जेवढे ठिपके होते, बरोबर तेवढेच. आणि गळणारा विद्युतभार पुन्हा पुन्हा ताजा करण्याची युक्ती तर याहूनही जुनी. ॲटॅनासॉफ आणि बेरी यांच्या यंत्रात फिरत्या पिंपावरच्या धारित्रांना दर फेऱ्याला असाच नवा भार दिला जात असे. स्विच बदलत गेले, तरी ही युक्ती पुन्हा पुन्हा परत आली. दोनच वर्षांत ११०३ ही जगातली सर्वाधिक खपाची अर्धवाहक चिप झाली आणि कड्यांचे दिवस भरले.

याच काळात बिझिकॉम या जपानी कंपनीने आपल्या गणनयंत्रांसाठी इंटेलकडे अनेक वेगवेगळ्या चिपांचा संच मागितला होता. टेड हॉफ यांनी सुचवले, की प्रत्येक कामासाठी वेगळे सर्किट करण्याऐवजी एकच साधा प्रोसेसर करावा आणि गणनयंत्राचे वागणे मेमरीतल्या प्रोग्रामवर सोपवावे. स्टॅनली मेझर, मासातोशी शिमा आणि प्रत्यक्ष चिप घडवणारे फेदेरिको फाजिन यांच्या हातून त्यातून ४००४ जन्माला आला. नोव्हेंबर १९७१ मध्ये तो विक्रीला आला तेव्हा त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते. संचात चार चिप होत्या, आणि त्यांतल्या दोन मेमरीच्या. मेमरी चिपवर स्वस्तात मिळू लागली नसती, तर 'वागणे मेमरीवर सोपवा' हा सल्ला कुणी मनावर घेतला नसता. घरगुती संगणकांची लाट ज्याने सुरू केली तो १९७५ चा अल्टेअर ८८०० अवघ्या २५६ बाइट मेमरीनिशी येत असे. त्यावर बेसिक भाषा चालवायची तर ४ किलोबाइटची जोड घ्यावी लागे. विकत घेणाऱ्याचा हात आखडे तो बहुधा या जोडीपाशी.

प्रतिसाद : तारायंत्र

मेमरीची टंचाई किती खोलवर मुरली होती याचे एक उदाहरण राहून गेले. छिद्रे पाडून माहिती नोंदवायच्या पंचकार्डावर ८० स्तंभ असत आणि नाव, पत्ता, रक्कम हे सारे त्यातच बसवायचे असे. तेव्हा वर्षाचे पहिले दोन अंक गाळणे ही शहाणपणाची काटकसर होती. कड्यांच्या मेमरीतही तीच सवय चालू राहिली. मेमरी स्वस्त झाली तरी जुने प्रोग्राम आणि जुन्या नोंदी तशाच चालत राहिल्या, आणि २००० साल '००' म्हणजे १९०० समजले जाऊ नये म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगभर असंख्य प्रोग्राम ओळीओळीने तपासून ते दोन अंक परत घालावे लागले.

आजचे चित्रही फारसे निराळे नाही. प्रोसेसरचा वेग मेमरीच्या वेगाच्या कितीतरी पुढे गेला आहे. म्हणून त्याच्या अगदी शेजारी छोटी, वेगवान कॅश मेमरी ठेवावी लागते. ही कल्पना १९६५ मध्ये मांडली ती एडसॅकवाल्या विल्क्स यांनीच. आजच्या प्रोसेसरच्या चिपवर मोठी जागा गणिताच्या सर्किटांनी नव्हे, तर या कॅशने अडवलेली असते.

प्रतिसाद : शून्य-एक

आपला तिसरा उपप्रश्न अनुत्तरित राहिला आहे, म्हणून लिहितो. होय, वीज गेली तरी कड्यांमधली माहिती टिकत असे, कारण कडे एकदा एका दिशेने चुंबकित झाले की तसे राहायला त्याला वीज लागत नाही. गंमत अशी, की ती वाचताना मात्र पुसली जाई: कडे शून्याकडे ढकलून पाहायचे, उलटले तर तिथे एक होता असे समजायचे, आणि लगेच तो पुन्हा लिहून ठेवायचा. यंत्र संध्याकाळी बंद करून सकाळी चालू केले, तर कालचा प्रोग्राम बहुधा जागच्या जागी असे. ११०३ आणि तिच्या वारसदारांबरोबर हे सुख गेले. वीज तुटली की सगळे कोरे. तेव्हापासून प्रत्येक यंत्रात न पुसणारी एक छोटी मेमरी वेगळी बसवावी लागते, आणि चालू होताच यंत्र सर्वांत आधी तिच्यातला प्रोग्राम वाचते, जो बाकीचे सारे डिस्कवरून मुख्य मेमरीत आणण्याची सुरुवात करून देतो.